कोळिणीची चतुःसीमा

कोळी दिसला की साधारण माणूस एकतर मागं सरकतो, नाहीतर झाडू शोधतो. भाऊसाहेब आधी पूर्व कुठली ते विचारायचे.

पूर्व ठरल्याशिवाय काहीही बघायचं नाही, असा त्यांचा नियम होता. सकाळी साडेसहाला आम्ही दहा-बारा जण एखाद्या बाभळीच्या झुडपाभोवती गोळा झालेलो असायचो. जाळ्यावर दव, मधोमध कोळी, सगळ्यांचे मोबाइल बाहेर. आणि भाऊसाहेब मात्र दोन्ही हात पसरून चारी दिशा कायम करत उभे. मग वही उघडायची. "पूर्वेस?" "तरवड," कुणीतरी सांगायचं. "पश्चिमेस?" "कालव्याचा भराव." दक्षिणेला बहुतेक वेळा आमच्यातलाच कुणीतरी उभा असे. त्याला बाजूला करून त्याच्या पायाखालचं गवत लिहून घेतलं जाई. अशी चतुःसीमा पुरी झाली की मगच कोळ्याकडं बघायची परवानगी. तोवर कोळी बऱ्याचदा निघून गेलेला असे. "कब्जेदार गैरहजर," असा शेरा मारून भाऊसाहेब वही मिटत आणि आम्ही पुढच्या झुडपाकडं निघायचो.

भाऊसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. आमच्याकडं तलाठ्याला भाऊसाहेबच म्हणतात, आणि या माणसानं उभी हयात बारामती आणि इंदापूर तालुक्यांत तलाठी म्हणून काढलेली. निवृत्तीनंतर जळोचीला घर बांधलं, पुढं चार फरशा घालून व्हरांडा केला आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून ते बसले. तीन महिने बसले. कागद घेऊन कुणीच येईना. मग एका सकाळी खुर्चीच्या हातापासून खिडकीच्या गजापर्यंत एका कोळ्यानं जाळं विणलेलं त्यांनी पाहिलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. दिवसभर एका जागी बसून कुणीतरी अडकायची वाट बघणारा प्राणी भाऊसाहेबांना जवळचा वाटला यात नवल ते काय, असं आमच्यातला प्लॉटिंगवाला म्हणायचा. अर्थात त्यांच्या माघारी.

माझा त्यात शिरकाव झाला तो माझ्या झेरॉक्सच्या दुकानामुळं. कचेरीच्या रस्त्यावर माझं दुकान, त्यामुळं सरकारी कागद मी आयुष्यभर दोन्ही बाजूंनी पाहिलेला. एक दिवस भाऊसाहेब आले आणि त्यांनी काचेवर एक कागद ठेवला. वर ठळक अक्षरात पंचनामा, खाली मौजे, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, हजर इसम. सवयीनं मी तीन प्रती काढल्या. दुसऱ्या पानावर नजर गेली तर तपशिलात लिहिलेलं: "सदर ठिकाणी एक मादी, पोटावर पिवळे पट्टे, जिवंत स्थितीत आढळून आली."

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "पोलीस केस झालीय का?"

"कोळीण आहे," ते म्हणाले. "पंच म्हणून एक जण कमी पडतोय. रविवारी येताय का?"

साखर वाढल्यामुळं डॉक्टरनं मला चालायला सांगितलेलंच होतं. मी गेलो, आणि निसर्ग निरीक्षण मंडळाचा कायमचा पंच होऊन बसलो. मंडळ हे नाव त्यांनी मुद्दाम निवडलं होतं. तलाठ्याच्या वरचा हुद्दा म्हणजे मंडळ अधिकारी, ते व्हायचं त्यांचं राहून गेलं होतं, ती हौस त्यांनी अशी भागवली.

मंडळात तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या मोबाइलवर फोटो काढला की किड्याचं नाव सांगणारं ॲप होतं. "मॅडम, फोटो हा पुरावा होत नाही," भाऊसाहेब त्यांना दर रविवारी समजावायचे, "दोन पंच लागतात." जळोचीच्या सोसायटीतल्या दोघी वहिनी केवळ मनगटावरच्या पट्ट्यावर पावलं भरायला यायच्या. आम्ही एका मुंगळ्यापाशी दहा मिनिटं थांबलो की त्या जागच्या जागी पाय हलवत राहायच्या. आणि प्लॉटिंगवाला. त्याला झाडातलं काही कळत नव्हतं, पण जमिनीतलं सगळं कळायचं. रुईच्या पानावर बिबळ्या कडवा नावाचं फुलपाखरू अंडं घालत होतं, आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो, तेव्हा हा मागून म्हणाला होता, "हितं रोड टच असता तर सोनं झालं असतं."

भाऊसाहेबांनी या सगळ्यांची हजेरी घ्यायची पद्धत ठेवली होती. उशिरा आलेल्याला कारण लेखी द्यावं लागे. एकदा लासुर्ण्याजवळ उसाच्या बांधावर एका जाळ्यातनं शेळी गेली आणि जाळं तिच्या शिंगाला लागून निघून आलं. भाऊसाहेबांनी शेळीला थांबवायला लावलं, नुकसानीचा पंचनामा केला आणि कारणाच्या रकान्यात 'शेळी, काळी, विनामालक' असं लिहिलं. मालकीणबाई पाठोपाठच आल्या. "कुणाला इनामालक म्हंता वं?" असं म्हणत त्यांनी काठी उगारली, तेव्हा मंडळानं जेवढी पावलं टाकली तेवढी दोघी वहिनींच्या पट्ट्यावर पुन्हा कधी भरली नाहीत.

आणखी एक कोळी असतो, जाळ्याच्या मध्यावर पांढरी नागमोडी रेघ काढून बसतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की इंग्रजीत याला सही करणारा कोळी म्हणतात. भाऊसाहेब बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिले. "सही चांगली आहे," ते शेवटी म्हणाले. "पण शिक्का नाही."

हसण्यावारी नेण्यासारखा माणूस होता, आणि आम्ही नेतही होतो. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकदा चहाच्या टपरीवर मी त्यांना विचारलं, की हे असले माळ तुम्हाला सापडतात कुठं? ऊस, ऊस आणि ऊस यांच्या मधला हा खडकाळ तुकडा आम्हाला जन्मात दिसला नसता. ते म्हणाले, "सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून एक रकाना असतो. लागवडीला नालायक जमीन. आयुष्यभर तो रकाना मी आकडा टाकून पुढं ढकलला. एकदाही जाऊन पाहिलं नाही. आता कळतंय, की या तालुक्यात जे काही जगतंय ते सगळं पोटखराब्यात जगतंय." एवढं बोलून त्यांनी चहा बशीत ओतला. त्या दिवशी मला ते मनापासून आवडले, आणि त्यांच्या पंचनाम्यावर मी जरा नीट सही करायला लागलो.

त्यांचा सगळ्यात लाडका पोटखराबा वरकुट्याच्या पुढं एका वस्तीला होता. मुरमाड माळ, कुसळी गवत, चार बोराटीची झुडपं आणि मधोमध हिवराचं एक झाड. त्या हिवराच्या आसपास जमिनीत बिळं करून राहणाऱ्या कोळिणी होत्या. बोटभर रुंदीचं बीळ, आतून रेशमाचं अस्तर आणि वर मातीचं गोल झाकण, बिजागरीसकट. झाकण लावलं की जमीन आणि ते यात काही फरक कळत नाही. आम्ही कितीदा त्यांच्यावर उभं राहून त्यांनाच शोधलं असेल. भाऊसाहेबांना मात्र प्रत्येक झाकण पाठ होतं. गवताची काडी अलगद घासली की झाकण किलकिलं व्हायचं, दोन पाय बाहेर यायचे, आणि खटकन बंद. एक कोळीण तर तीन पावसाळे त्याच बिळात होती. तिच्यापाशी गेलं की भाऊसाहेब पोटावर आडवे व्हायचे. इस्त्रीचा सदरा मुरमात घालून हा माणूस आडवा व्हायचा, हे मी त्यांच्या हाताखालच्या जुन्या माणसांना सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नाही.

घोटाळा झाला तो नियमामुळं. कुठल्याही पंचनाम्याची एक प्रत गावात माहितीसाठी द्यायची, हा त्यांचा नियम. आणि दुसरा नियम असा, की गावाला फक्त पहिलं पान द्यायचं. "तपशील दप्तरी राहतो," ते म्हणायचे. "तपशील बाहेर दिला की लोक प्रश्न विचारतात." पहिल्या पानाची प्रत मीच काढली, त्यांनी ती वस्तीवरच्या दुकानात नेऊन दिली. त्यावर गट नंबर होता, क्षेत्र होतं, चतुःसीमा होती, हजर इसमांच्या सह्या होत्या. खुणेसाठी त्यांनी हिवराच्या भोवती लाल चिंध्या लावलेल्या चार काड्याही रोवल्या होत्या. कोळी हा शब्द मात्र त्या पानावर कुठंच नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो आणि गाड्या चुकीच्या वाटेला लागल्या असं आम्हाला वाटलं. अर्धा माळ नांगरलेला. त्या ढेकळांत हातभर अंतरावर आंब्याची रोपं, त्यांच्यामध्ये डाळिंबाची, आणि डाळिंबाच्या मध्ये शेवगा. एका कडेला बोअरचा निळा पाइप नुसताच जमिनीत रोवलेला. त्याच्या खाली बोअर नव्हतं. पलीकडं नवाकोरा पत्र्याचा गोठा, त्यात जनावर नाही. हिवराच्या बाजूचा अर्धा माळ अजून जागेवर होता, आणि त्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता, चालू.

जमीन चाचांची होती. चाचांचं वस्तीवर किराणा दुकान, मागं थोडा ऊस आणि हा माळ. आमची प्रत त्यांच्याच दुकानात गेली होती. ते हसतमुखानं पुढं आले.

"या भाऊसाहेब. झाडं धरून घ्या आता कागदात. गोठा बी धरा. ह्यो उरलेला तुकडा दुपारपतुर वढून व्हतोय, त्यात सीताफळ लावतो."

"हे कशासाठी?" भाऊसाहेबांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"आता आमाला काय इचारता? रस्ता हितनंच जाणार न्हवं? मोकळ्या माळाला काय मिळतंय? झाडं आसली, पानी आसलं, तर चार लोकांत मोबदला तरी मागता येतो."

"कसला रस्ता? रस्ता-बिस्ता काही नाही, चाचा."

चाचांनी जमलेल्या लोकांकडं बघून डोळा घातला. "आयकलं का? न्हाय म्हंत्यात."

"मंग नक्कीच हाय," एक म्हातारे आबा काठीवर हनुवटी ठेवून म्हणाले. "कालव्याच्या टायमाला बी ह्येच म्हनले व्हते."

भाऊसाहेबांनी सांगितलं, की ते निवृत्त झालेत. आबा म्हणाले, म्हणून तर सरकारनं तुमाला पाठवलं, नवीन माणसावर कोण इश्वास ठेवतंय. भाऊसाहेबांनी सांगितलं, की कागद खरा नाही. चाचांनी दुकानातनं ती प्रत मागवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न पाडता ठेवलेली, आणि सगळ्यांना दाखवली. "अक्षर तुमचंच हाय न्हवं? सही तुमचीच हाय न्हवं?" ड्रायव्हरनं ट्रॅक्टर पुढं घेतला. नांगराचा फाळ खाली आला. त्याच्या आणि हिवराच्या मध्ये जेमतेम वीस पावलं होती, आणि त्या वीस पावलांत किती झाकणं होती हे एकाच माणसाला माहीत होतं.

भाऊसाहेब ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता ते कायद्याचं कलम सांगतील. त्यांनी वही उघडली आणि दुसरं पान काढलं. ते पान त्यांनी आजवर मंडळाबाहेर कुणाला दाखवलेलं नव्हतं.

"तपशील वाचतो," ते म्हणाले. "अनुक्रमांक एक. कोळीण, मादी, वयस्क. बीळ स्वतःचं, झाकण शाबूत. पूर्वेस मुंग्यांचं वारूळ, पश्चिमेस बोराटी, दक्षिणेस शेळ्यांची वाट, उत्तरेस पडीक. शेरा, तीन पावसाळे सदर ठिकाणी राहत असून तक्रार नाही. अनुक्रमांक दोन. कोळीण, मादी, लहान. झाकण नवीन..."

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग एक बाई पदर तोंडाला लावून फिसकन हसल्या, आणि सगळी वस्ती फुटली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. आबांना ठसका लागला. "आरं, किड्यांचा सातबारा!" कुणीतरी ओरडलं. प्लॉटिंगवाला हसला, दोघी वहिनी हसल्या. मीही हसलो. त्या कागदावर पंच म्हणून माझी सही होती, आणि तरी मी हसलो, याची मला आजही लाज वाटते.

भाऊसाहेब थांबले नाहीत. त्याच कोरड्या आवाजात, एकही शब्द न गाळता, ते अनुक्रमांक वाचत गेले. शेवटचा झाला तेव्हा हसूनहसून लोक दमले होते. मग त्यांनी वही मिटली.

"हा कागद सरकारी नाही," ते म्हणाले. "मी कुणी नाही. घरी बसवत नाही म्हणून मी हे करतो. माझ्या सहीला आता काही किंमत नाही, ती असल्यासारखं मी वागलो, ही माझी चूक. तुमची झाडं वाया गेली."

इतका वेळ हसणाऱ्या माणसांना आता इकडंतिकडं बघावंसं वाटू लागलं. ज्या माणसापुढं ही वस्ती कधीकाळी चपला काढून उभी राहायची, तो असं बोलतोय हे त्यांना ऐकवेना. ड्रायव्हरनं हळूच ट्रॅक्टर बंद केला. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. आंबं काय, कुठं बी लागत्यात." एकेक जण कामाला निघून गेला. आमच्या मंडळातले लोकही गाड्यांकडं सरकले.

चाचा मात्र गेले नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून ते तिथंच उभे होते. "दावा तरी कुठं हाय ती," ते म्हणाले. "एक नंबरची."

आम्ही तिघं हिवराखाली गेलो. भाऊसाहेब पोटावर आडवे झाले. चाचा उकिडवे बसले. काडी फिरली, झाकण उचललं गेलं, दोन काळे पाय बाहेर आले आणि खटकन आत गेले. चाचांच्या तोंडून "आगागा" निघालं. त्यांनी स्वतः काडी मागून घेतली आणि पुन्हा एकदा करून पाहिलं. इतक्या वर्षांच्या आपल्या जमिनीत हे असं कुणी राहतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

मग अजिबात आवाज न चढवता ते म्हणाले, "भाऊसाहेब, अब्बा गेल्यावर ह्याच गटावर वारस म्हून आईचं नाव लावायचं व्हतं. तुमीच व्हता हितं. आई सकाळची भाकरी बांधून तुमच्या हापिसाच्या पायरीवर येऊन बसायची. आज साह्यब न्हायत, उद्या या. आज रजिस्टर न्हाय, सोमवारी या. नाव लागायच्या आदीच गेली ती." त्यांनी काडीनं बिळाकडं खूण केली. "हिचं तुमी एका सकाळी लावलं. शेजारपाजारासकट."

भाऊसाहेब तसेच आडवे होते, गाल जवळजवळ मातीला टेकलेला. पायरीवर बसणाऱ्या कितीतरी बायकांतली ही कुठली, हे ते आठवत असावेत. आठवलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं, आणि चाचांनाही दिसलं असणार.

शेवटी भाऊसाहेबांनी विचारलं, "आईंचं नाव काय होतं?"

"आता कशाला, भाऊसाहेब," चाचा म्हणाले. "उठा. ऊन चढाय लागलं. घरला च्या ठिवलाय."

चाचा गुडघ्यावरचा मुरूम झाडत उभे राहिले. भाऊसाहेबांनी दोन्ही तळवे जमिनीला टेकले, पण त्यांना काही उठता येईना. मी पुढं होणार, तोवर चाचांनीच त्यांना हात दिला.